दोघांची कॅबिन

फक्रुद्दीन बागवान जहाजाच्या कॅबिनीचं रंगीत चित्र घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि दुकानात माणूस आला रे आला की बाहेर काढायचा. माणूस बिचारा दोन मोसंबी घ्यायला आलेला असायचा, घरात कुणीतरी तापानं पडलेलं असायचं. पण चित्र पाहिल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

"ही एक खाट. ही दुसरी खाट. ही गोल खिडकी, हिच्यातनं समुद्र दिसतो. आन् हे दार. ह्या दाराच्या आत काय असंल, सांगा बरं?"

मग फक्रुद्दीन आवाज खाली आणून म्हणायचा, "संडास. खोलीतच."

"म्हंजी जिथं झोपायचं तिथंच?" वांबोरीकडचा सहादेव एकदा म्हणाला. त्याचं तोंड कडू औषध प्याल्यागत झालं होतं.

"मधी दार हाय की."

"दार असलं म्हनून काय झालं, फक्रूशेठ? वास काय दार ठोकून येतो व्हय?"

फक्रुद्दीनला राग यायचा नाही. अडाणी माणसाची कीव करावी तसा तो हसायचा. साल बाहत्तरचं होतं. राहुरी तालुक्यातल्या निम्म्या बागा पाण्यावाचून वाळून कोळ झाल्या होत्या, आणि ज्या हिरव्या उरल्या त्यांतल्या तीन फक्रुद्दीनने बहर धरायच्या आधीच ठरवून घेतल्या होत्या. मोसंबीला कधी नव्हे तो भाव आला. लोक खडी फोडायला गेले आणि फक्रुद्दीन हजला निघाला, तेही डिलक्स कॅबिनीतून.

दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड त्याची बायको जहिरा भाजी निवडत हे सगळं ऐकायची आणि तिला शिसारी यायची. मक्केला निघालेला माणूस, आणि काबा डोळ्यांनी बघायच्या आधी गावाला संडास दाखवत सुटलाय. दिवसातून पंधरा वेळा. जेवतानाही तेच. घास तोंडात घोळवत तो खाटांची गादी किती जाड ते बोटांनी दाखवायचा, आणि बोटांवरून रस्सा मनगटापर्यंत ओघळायचा. जहिरा मान फिरवून घ्यायची.

मुळात जहिराला शिसारी लवकर यायची. दुसऱ्याच्या घरी चहा घ्यायची वेळ आली तर ती आधी कपाची कड पदरानं पुसायची. पाहुणे उठले की त्यांची भांडी राखेनं तीनदा घासायची. मोहल्ल्यात तिची चेष्टा व्हायची, पण तिला त्याचा थोडा अभिमानही होता. आपण स्वच्छ आहोत असं तिला वाटायचं. सगळ्याच बाबतींत.

खरं म्हणजे आधी कॅबिनीचा विषयच नव्हता. जहाजात खाली लांबच लांब डेक असतो, खाटांवर खाटा लावलेल्या, गोरगरीब त्यातूनच हजला जातात. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, म्हणून मुंबईला चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. त्या चिठ्ठीत पहिल्याच फटक्याला ह्यांची तीन नावं निघाली होती. फक्रुद्दीन, जहिरा आणि मलिका आपा.

मलिका आपा ही फक्रुद्दीनची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आपाने त्याला कडेवर घेऊन वाढवला, त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरच्या गल्लीत दोन खणांच्या घरात येऊन राहिली. गोधड्या शिवून तिनं हजचं भाडं स्वतःचं स्वतः जमवलं होतं. तिला कुणाचा पैसा नको होता, माणूस हवा होता. बाईनं एकटीनं हजला जायचं नाही. नवरा, मुलगा, भाऊ असा कुणी सोबत लागतो, आणि आपाला अख्ख्या जगात असा एकटा फक्रूच होता.

नाव निघाल्याचं कळलं त्याच आठवड्यात आपा सरकारी दवाखान्यात जाऊन हजला लागणारी लस टोचून आली. दंड सुजला, तीन दिवस ताप होता. तापातही ती गल्लीतल्या बायांना सांगायची, "दुखू दे. जायाचं नसतं तर कशाला टोचलं असतं?"

त्याच सुमाराला दिलावर हाजी घरी येऊन गेला. दिलावर दोन वर्षांपूर्वी डेकवरूनच हज करून आलेला, मोकळ्या तोंडाचा माणूस. फक्रुद्दीनने विचारलं आणि त्याने जसं होतं तसं सांगितलं.

"पयले चार दिस लई वंगाळ. जहाज असं हालतं की पोटातलं काय ऱ्हात न्हाई. वरच्या खाटेवरची बाई ओकली ती सरळ माझ्या बायकोच्या उशीवर. संडासाला ही मोठी रांग, आन् आत घोट्याएवढं पानी." मग तो खूष होऊन हसला. "पर मागनं सवय झाली. मालेगावची मानसं, बीडची मानसं, समदी एका ताटात जेवायचो. उतरताना गळ्यात पडून रडलो."

गळ्यात पडून रडल्याचं जहिराला ऐकू आलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती उशी राहिली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आणि पुढच्या आठवड्यात मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं. दुसऱ्या एका जहाजावर दोघांची डिलक्स कॅबिन रिकामी झाली आहे. हवी असेल तर आठ दिवसांत कळवा, मात्र डेकच्या जागा सोडाव्या लागतील. सोबत ते रंगीत चित्र. त्या दुसऱ्या जहाजाचा डेक केव्हाच भरलेला होता, तेव्हा आपाला तिथे जागा नव्हती. आणि भावाशिवाय पहिल्या जहाजावर ती जाऊ शकत नव्हती. पुढल्या वर्षी म्हणावं तर एकदा हज करून आलेल्याला पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही, असं एजंटानंच पूर्वी सांगितलेलं, म्हणजे तोवर फक्रूची सोबत नाही. आपाची साठी उलटली होती.

पत्राची कुणकुण लागल्याबरोबर आपा पाठीमागच्या दारानं जहिराकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"फक्रूच्या डोक्यात खूळ शिरलंय बघ. त्याला चकचकीत काय दिसलं की भान ऱ्हात न्हाई. तुझं ऐकतो तो. तेवढं सांग त्याला."

"सांगते, आपा," जहिरा म्हणाली. तेव्हा तिला खरंच सांगायचं होतं.

दुपारी फक्रुद्दीन जेवायला बसला. चित्र ताटाशेजारी पसरलेलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण मन थोडं खात होतं, हे जहिराला स्पष्ट दिसत होतं.

"काय करायचं गं?" त्याने विचारलं. "आपाला काय वाटंल?"

एक शब्द पुरला असता. फक्रुद्दीन पत्र फाडून मोकळा झाला असता, आणि उद्या दुसऱ्याच कशाच्या तरी मागे लागला असता. जहिराच्या डोळ्यांपुढे पुन्हा ती उशी आली. मग ते घोट्याएवढं पाणी.

"मला डेकवर न्हाई जमायचं," ती म्हणाली. "वास सहन व्हत न्हाई मला. बाकी तुमी बघा."

फक्रुद्दीनला तेवढंच हवं होतं. त्यानं त्याच दुपारी पोस्टात जाऊन तार केली.

संध्याकाळी आपा आली तेव्हा जहिरा पाणी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं, आपा. लई सांगितलं. न्हाई ऐकलं त्यांनी."

आपा जहिराच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तू तरी काय करनार, पोरी," आणि गेली.

त्या दिवसापासून जहिराला नवऱ्याची फारच शिसारी येऊ लागली. त्याचं खाणं, त्याचं हसणं, त्याचं पोट, झोपेत उघडं पडणारं तोंड, काहीच सोसवेना. बहिणीला मागे ठेवून संडासाचं कौतुक करतो, कसला हा माणूस, असं ती मनात दिवसातून दहा वेळा म्हणायची. असं म्हटलं की तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दिलावर एकदा दुकानात चित्र बघून म्हणाला, "कॅबिनवाला बी ओकतोच, फक्रूभाई. त्याला फकस्त एकट्याला ओकावं लागतं." जहिरा पडद्याआड खुदकन हसली. मग तिच्या लक्षात आलं की त्या कॅबिनीत दुसरी खाट तिचीच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी माफी मागायची असते. हजला जाणारा माणूस सगळ्या गावाकडे जातो. बोललं-चाललं, कमी-जास्त झालं असेल तर माफ करा म्हणतो. ते मागितल्याशिवाय हज पुरी होत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. आणि समोरचा माफ करतोच. मोहल्ल्यात आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. पूर्वी लोक गुपचूप घरोघर जाऊन यायचे. फक्रुद्दीनने ताशेवाले बोलावले.

सकाळपासून ताशा तडतडत होता. फक्रुद्दीनच्या गळ्यात हार मावत नव्हते. झेंडूच्या पाकळ्या घामानं मानेला चिकटल्या होत्या. मागून बुरखा पांघरून जहिरा. बाजारपेठ झाली, मोहल्ला अर्धा झाला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, वरात घेऊन तो गावाबाहेर दुष्काळी कामावर गेला. रस्त्याच्या कडेला शे-दोनशे बाया खडी फोडत बसल्या होत्या. धुळीनं सगळ्यांचे चेहरे एकसारखे पांढरे झाले होते. त्यांत छबूबाई होती. उन्हाळ्यात ती फक्रुद्दीनच्या बागेत तोडणीला होती, आणि ओच्यात दोन मोसंबी सापडली म्हणून त्याने तिला सगळ्यांदेखत हाकलून दिलं होतं.

ताशा थांबला. फक्रुद्दीनने हात जोडले. "छबूबाई, काय बोललो-चाललो असंन तर माफ कर. हजला चाललोय."

छबूबाईने त्याच्याकडे, हारांकडे, ताशेवाल्यांकडे बघितलं. "केलं," ती म्हणाली. "सरका तिकडं, खडी उडंल."

फक्रुद्दीनचे डोळे भरून आले. "बघितलंस?" तो परत फिरताना जहिराला म्हणाला. "किती मोठं मन असतं गरिबाचं." जहिराला वाटलं, इथेच रस्त्यात आपल्याला उलटी होणार. तिनं बुरख्याची कड नाकाशी धरली.

आपाच्या घरी पोचेपर्यंत बरोबर वीस-पंचवीस माणसं झाली होती. बाया आत शिरल्या, पुरुष दारात दाटले. आपा जमिनीवर अर्धी शिवलेली गोधडी पसरून बसली होती. ती उठली नाही. फक्रुद्दीन तिच्यापुढे बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. ते रडणं खरं होतं.

"आपा, माझं चुकलंमाकलं..."

आपाने पदरानं त्याचं तोंड पुसलं, नाकसुद्धा. "केलं माफ. रडू नको. तुला लहानपनापासनं कळत न्हाई, आता काय कळनार? जा, नीट जा. उन्हात फिरू नको तिथं."

बाया डोळे टिपू लागल्या. फक्रुद्दीनच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं, आणि ओझं उतरलं की त्याची जीभ सुटायची.

"खरं सांगू का, आपा, मी तिघांचंच ठेवनार हुतो. तुझी आन घेऊन सांगतो. हिला इचारलं मी. ही म्हनली, डेकवर वास येतो, मला जमायचं न्हाई. मग मी तरी काय करनार?"

तो हे कुणावर ढकलायला बोलला नव्हता. त्याला ते आठवलं म्हणून तो बोलला.

आपाचा हात गोधडीवर थांबला. तिनं जहिराकडे बघितलं. जहिराला वाटलं ती आता विचारेल, आणि काय सांगायचं ते ती मनात जुळवू लागली. पण आपाच्या बघण्यात सगळं होतं; मागचं दार, पाण्याची घागर, पाठीवरून फिरवलेला हात.

जहिरा खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या घरातल्या न झाडलेल्या जमिनीवर तशीच बसली. "आपा," ती म्हणाली, "मला माफ करा."

"न्हाई," आपा म्हणाली.

आवाज चढला नव्हता. दारातल्या पुरुषांना ऐकू आलं नसावं. पण बायांना आलं. एक म्हातारी घाईघाईनं पुढे झाली. "असं म्हनू नये, मलिका. हजला चाललीय ती. कर माफ."

"त्याला केलं. त्याला कळत न्हाई." आपाने सुई पुन्हा हातात घेतली. "हिला कळत हुतं. मी हिच्या पाठीवर हात फिरवून गेले, तवाबी हिला कळत हुतं." सुईत दोरा ओवून ती म्हणाली, "अल्ला करंल माफ. तो मोठा हाय. मला न्हाई जमत."

आणि ती टाके घालू लागली. जहिरा बसून राहिली. इतके दिवस उठता-बसता येणारी ती शिसारी आता तिने आपाच्या अंगावर टाकायचा प्रयत्न करून पाहिला. म्हातारी हट्टी आहे, कद्रू मनाची आहे. पण ती तिथे चिकटेना. नवऱ्यावर टाकून पाहिली, तर तिथेही आता चिकटेना. ती जिथून निघाली होती तिथेच, तिच्या स्वतःवर, परत आली.

बाहेर ताशा सुरू झाला. फक्रुद्दीनने तिला दंडाला धरून उठवलं. "आपाचं मनावर घेऊ नको," तो कानाशी म्हणाला. "म्हातारी झालीय. चल, अजून चार घरं ऱ्हायलीत."

जहिरा त्याच्या मागून चार घरी गेली. चारही घरी तिनं हात जोडले, माफी मागितली, आणि चारही घरच्या बायांनी तिला उभ्या उभ्या माफ करून टाकलं.