कोणी ओढली?

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी एकदा एक अख्खा कारखाना एका झटक्यात थांबवला होता. छपरावरचे कावळे उडता उडता थबकले. साहेबांच्या बशीतला चहा कलंडला, तो हवेतच राहिला. हसा, खुशाल हसा!

मी एक जुनी दोरी आहे. हल्ली चहाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. माझ्या डोक्यावर माझी जन्माची सोबतीण, पितळी घंटा. तिच्याकडे लक्ष देऊ नका. ओढल्याशिवाय तोंड उघडायची तिला सवय नाही.

आमचा कारखाना टेबलफॅनचा. सरकत्या पट्ट्यावरून पंखे पुढे जात आणि प्रत्येक बाई आपापला भाग जोडी. कुणाला काही बिघडलेलं दिसलं, की मला ओढायचं. घंटा वाजे, पट्टा थांबे. मला वळणारा म्हणाला होता, "ही हत्तीलाही ऐकायची नाही!"

पण घंटा वाजली, की जुने साहेब धावत येत आणि एकच विचारत, "कोणी ओढली?" ओढणारीला जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याखाली उभं करत. मग काय, चुकून कोपर लागू नये म्हणून बायांनीच मला वर गुंडाळून घट्ट गाठ मारली. कोळ्यांचे संसार माझ्या अंगावर थाटले गेले. साहेब खूश. "बघा, आपल्याकडे अडचणच नाही!"

साहेब गेले, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्यांच्या पहिल्याच दिवशी पाती बसवणाऱ्या आक्काच्या बोटांना काहीतरी जाणवलं. कितीही आवळला तरी नट किंचित फिरत होता. वॉशरच पातळ आले होते.

"गप बस गं," शेजारीण कुजबुजली. "नव्या बाईंच्या पहिल्याच दिवशी नोकरी घालवतेस? घरात कमावणारी तू एकटी."

"अगं, माझी नात अशाच पंख्यासमोर बसून जेवते. पातं सुटलं म्हणजे?"

तिची ती घालमेल मला बघवेना. मित्रांनो, मी माझी गाठ मीच सोडली! सरसर खाली आले, आक्काच्या मुठीत शिरले आणि म्हटलं, "ओढ गं बाई!"

घण्ण! पट्टा थांबला. बाई आल्या. सगळ्यांच्या माना खाली.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

असा प्रश्न तिथे कुणी ऐकलाच नव्हता. आक्काने भीत भीत नट दाखवला. बाईंनी बोट लावून पाहिलं. "मला नाही कळत. पुन्हा दाखवता?" दुसऱ्यांदा त्यांना कळलं. वॉशर परत गेले. मग मागून एक आवाज आला, "बाई, माझ्याकडेही जाळी वाकडी येते." त्या दुपारी घंटेचा घसा बसला, आणि बाई प्रत्येकीकडून काही ना काही शिकल्या. पुढे सगळ्यांच्या हाताला येईल अशी नवी दोरी लागली, आणि मी इथे आले.

मित्रांनो, दोरीला जपा. जपा म्हणजे गुंडाळून ठेवू नका, ओढा. आणि विसरू नका, त्या दिवशी सगळ्यांत धीट होते ती मी...

"खोटं!"

मी दचकले. वर घंटा थरथरत होती. कुणी न ओढता!

"गाठ तू नाही सोडलीस. आक्का स्टुलावर चढली होती. डोळ्यांत कोळिष्टकं जात होती, तरी तिने नखांनी सोडवली. आणि साहेब तर त्या दिवशी नव्हतेच, चहा कुणाचा कलंडला?"

"कोणी ओढ..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. मग जरा ओशाळून विचारलं, "बरं बाई. आणखी काय दिसलं गं तुला?"