सुटलेली एक टाचणी

मी एक जुना लोहचुंबक आहे, घोड्याच्या नालेसारखा वाकडा. एके काळी लालभडक होतो. आता रंग नावापुरता उरला आहे. कारखान्यात मला तापवले, वाकवले, माझ्यात ताकद भरली आणि दोन्ही टोकांवर एक लोखंडी पट्टी बसवून दिली. काम नसेल तेव्हा ती पट्टी तोंडावर हवीच. नाहीतर आमची ताकद हळूहळू ओसरते.

मित्रांनो, गोळा करणे हेच माझे काम. बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका मावशींनी मला दुकानात आणले. दुपारी त्यांच्याकडे गल्लीतल्या बायका गोळा होत. निम्म्यांना शिवायचे काहीच नसे, नुसते बोलायचे असे. मावशी ऐकता ऐकता लांबलचक कापडाच्या चुण्या गोळा करून ते लहान मुलीच्या कमरेएवढे करत. संध्याकाळी मला दोरी बांधून जमिनीवरून फिरवत. फटींतल्या टाचण्या टपटप येऊन चिकटत. "आली का सगळी पोरं घरी?" असे त्या मला विचारत. तेवढे कौतुक मला पुरे होते.

पुढे त्यांचे गुडघे धरले, दुकान सुटले. मशीन मुलाच्या घरी, बैठकीच्या खोलीत आले. नात नुकतीच रांगू लागली होती. सूनबाईंनी स्पष्टच सांगितले, की जमिनीवर एक टाचणी जरी सापडली तरी मशीन घराबाहेर जाईल. मावशींना ते पटले. दिवेलागणीला त्या मला कानाकोपऱ्यांतून फिरवू लागल्या.

एकदा खिडकी खडखडते म्हणून मुलाने माझी पट्टी काढून तिच्या फटीत ठोकली. हातोडी सापडेना, म्हणून ठोकायलाही मलाच घेतले.

"अरे, ती त्याची आहे," मावशी म्हणाल्या.

"आई, चुंबकाला काय थंडी वाजणार आहे?"

मावशींनाही हसू आले.

त्या हादऱ्यांनी आणि उघड्या तोंडाने माझी ताकद आटत गेली. मावशी नेमाने फिरवत राहिल्या. गालिच्याच्या काठाखालची एक टाचणी मात्र मला ओढता आली नाही. ती नातीच्या गुडघ्यात रुतली. तिच्या रडण्याने सगळे घर गोळा झाले. जखम मोहरीएवढी होती. सूनबाई ओरडल्या नाहीत. "आई, मी आधीच सांगितलं होतं," एवढेच म्हणाल्या.

मावशींनी धीर गोळा केला. "माझे डोळेच गेले गं," त्या म्हणाल्या. "ने ते मशीन."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मशीन उचलले.

मशीन गेले. मी खिडकीच्या कठड्यावर धूळ गोळा करत पडलो. परवा सूनबाईंना बटण लावायचे होते. सुईशी झगडून वैतागल्या आणि मावशींकडे आल्या. "मला मेलीला दिसतच नाही. तुम्हीच ओवून द्या ना, आई." मावशींनी दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. सूनबाई सुई घेऊन निघून गेल्या.

मित्रांनो, कामाच्या वस्तू जपा. आणि कोणाचे काम बंद करण्याआधी, त्याच्याकडून आपण आधी काय काढून नेले ते एकदा बघा. या घरात ते कोणी बघितले नाही. पाहुणे आले की मावशी अजूनही सांगतात, डोळे गेले म्हणून शिवण सोडले.