दाण्यांचा बोकड

भगवानराव मास्तरांनी मुसळ उचलून उखळात सोडलं आणि पहिल्याच घावाला मूठभर दाणे उडून अंगणात गेले. ते वेचायला वाकले तेव्हा त्यांना पुन्हा जानकीचं कार्ड आठवलं. दिवाळीच्या आधी वडवणीहून आलं होतं ते. आता संक्रांत होऊन गेली, तरी मास्तरांनी उत्तर धाडलं नव्हतं.

जानकी त्यांची धाकटी बहीण. अक्षरं त्यांनीच तिच्याकडून गिरवून घेतली होती, त्यामुळे तिच्या वाकड्या ओळींचा दोषही त्यांना आपलाच वाटे. तिनं थोडक्यात लिहिलं होतं. नातू तापानं फणफणला होता तेव्हा तिनं माहेरच्या बोराईला बोकड बोलला. नातू बरा झाला. त्यानंतर तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली, मांसमटण सुटलं. आता सासरचे म्हणत होते, नवस जिनं बोलला तिनंच बोकड रांधायचा असतो. माळ उतरव, नाहीतर पोराला पुन्हा काही झालं तर आमच्याकडे बघू नकोस. ‘दादा, तुम्ही इतकं वाचलंय. बोकडाऐवजी दुसरं काही चालतं असं कुठं असेल तर कळवा. चैतात तिकडं येते.’

मास्तरांनी घरातल्या सगळ्या पोथ्या सोडून पाहिल्या. एकीत चालतं असं सापडलं की दुसरीत चालत नाही असं सापडे. हो लिहावं, आणि पोराला पुन्हा ताप आला तर? नाही लिहावं, तर ती त्या हातांनी मटण कसं शिजवील? कोरं कार्ड पुढ्यात घेऊन ते बसत, ‘अनेक आशीर्वाद’ एवढं लिहीत, आणि पुढचा शब्द ठरेपर्यंत टाक वाळून जाई. शेवटी त्यांनी ठरवलं, पोथ्या पुरे झाल्या, आता देवीलाच विचारावं. पण जिन्नस पुढ्यात ठेवल्याशिवाय बोराई कौल देत नाही. म्हणून हे उखळ.

“तेल काढायला बसलाव का मास्तर?” शेजारची छबुबाई कुडावरून बघत होती. “जरा दमानं कांडा की. एकसारखं कांडलं की तेल सुटतंय. मग त्याचा गोळा व्हायचा न्हाई.”

“असं का,” म्हणत मास्तरांनी मुसळ बाजूला ठेवलं.

“द्या हिकडं. तुमच्या हातचं काम न्हाई ते.”

“नको. विचारणार मी, तर रांधायला मीच पाहिजे.”

“काय इचारणार?”

मास्तर जरा घुटमळले. “दाण्यांचा बोकड चालतो का, ते.”

छबुबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की विचार करते आहे, हे मास्तरांना कळेना. “आन् शिंगं कशाची लावणार?” ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. थोड्या वेळानं कुडावर सुंठीचा तुकडा आणि पळसाची पानं आणून ठेवली.

भुईमूग या भागात नवाच होता. देवीला हा जिन्नस माहीत तरी असेल का, ही एक शंका मास्तरांना कालपासून छळत होती. त्यांनी दाण्यांची सालं सुपात पाखडली, कूट गव्हाच्या जाडसर भरड्यात मिसळलं, गूळ किसून घातला, तीळ आणि सुंठ घातली. मळून त्याचा हातभर लांब उंडा केला, पळसाच्या पानांत गुंडाळून सुतानं बांधला आणि पाण्याच्या पातेल्यावर कडब्याच्या काड्या आडव्या टाकून त्यावर उकडायला ठेवला. गूळ पुरेसा पडला की नाही? बोटाला लागलेलं जिभेवर ठेवायचा मोह त्यांनी दोनदा आवरला. नैवेद्य चाखायचा नसतो. आयुष्यात एकही ओळ पुन्हा वाचल्याशिवाय पुढं न गेलेल्या माणसाला हे फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ते बोराईच्या ओट्यावर गेले. सटवा गुरव देवीला शेंदूर लावत होता. त्यांच्याच वयाचा, तोंडात एकही दात नाही. त्यानं पानं उलगडून उंडा बघितला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला.

“मास्तर, बोकडाचं मुंडकं माझ्या हक्काचं. ह्याचं मुंडकं कोणीकडं हाय?”

मास्तरांनीही वाकून बघितलं. दोन्ही टोकं सारखीच होती. “तू म्हणशील तिकडं.”

“लई सोय केलीत.”

सटवानं शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मास्तरांनी हात जोडले. जानकीचं नाव घेतलं, नवस सांगितला, बोकडाच्या जागी हे आणलं आहे, घेशील का, असं विचारलं. बोलताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की सटवा म्हणाला, “जरा मोठ्यानं. तिला ऐकू यायला पायजे.”

मग दोघं बसून राहिले. बोरीच्या झाडावर होले घुमत होते. खाली युसूफ वडगावच्या रस्त्यानं एक गाडी बाजाराला गेली, तिचा आवाज विरला, तरी पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

डावी पाकळी पडली ती अगदी अलगद. सटवानं ती उचलून तळहातावर घेतली आणि मास्तरांपुढं धरली.

“वाऱ्यानं पडली असेल,” मास्तर म्हणाले.

“वारा बी तिचाच.”

“पुन्हा लावता येतो?”

“एका नवसाला एकच कौल. तुमच्या बहीणबाई आल्या तरी मी आता लावायचा न्हाई.”

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसता पुसता थांबले.

“म्हणजे जानकीला विचारावं लागणार नाही?”

“इचारून झालं की.”

“आणि नाही म्हटल्यावर तिनं दाण्यांचाच आणला तर? देवी कोपली, तर कुणावर?”

“ज्यानं इचारलं त्याच्या माथी. त्यालाच सांगितलं ना तिनं.” सटवा त्यांच्याकडं टक लावून बघायला लागला. “तुमी कावून इचारलं मास्तर? त्यांचं त्यांनी इचारलं असतं.”

“पण पोरावर नाही ना?”

“पोरानं कुठं इचारलं?”

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मांडी सैल केली. ओट्याला पाठ टेकून बसले.

उंडा दोघांच्या मध्ये पानावर पडून होता. देवीनं घेतला नाही, म्हणजे तो नैवेद्य नव्हता, आणि सटवाचा हक्कही त्यावर नव्हता. सटवा तिकडं बघत नव्हता, पण फार प्रयत्नानं बघत नव्हता.

“घरचं म्हणून खा,” मास्तर म्हणाले आणि एक टोक मोडून त्याच्या हातावर ठेवलं.

सटवानं तुकडा हिरड्यांखाली घोळवला, डोळे मिटले. “दात गेल्यापास्नं मुंडकं धाकट्या भावाला देत आलो,” तो म्हणाला. “आपला वाटा आपल्या तोंडात गेला न्हाई लई दिस. मऊ झालाय.”

“गूळ कमी पडला का?”

सटवा जरा थांबला. “खोटं कावून बोलू. जरा कमी हाय.”

घरी आल्यावर मास्तरांनी दौत उघडली. या वेळी टाक वाळला नाही. ‘देवीचा कौल लावून झाला आहे. तुला पुन्हा लावावा लागणार नाही. सटवालाही ते ठाऊक आहे. दाण्यांचा उंडा करून आण आणि माळ घालून ये. दाणे दमानं कांडावेत. गूळ मोकळ्या हातानं घालावा.’ कौल कुठल्या बाजूचा, ते त्यांनी लिहिलं नाही. सही केल्यावर कार्ड पुन्हा वाचायला हातात घेतलं, आणि न वाचताच खिशात ठेवलं.

टपालाची पेटी युसूफ वडगावात चावडीसमोर होती. तिथं पोचेपर्यंत दुपार झाली. चावडीच्या कट्ट्यावर बसलेल्या कुणीतरी राम राम घातला, मास्तरांनी मान हलवली. पेटीपाशी उभं राहून त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि कुणी पाहत नाही असं वाटल्यावर उलटा हात कपाळाला लावला.

कपाळ चांगलंच तापलं होतं. एवढ्या उन्हातून चालत आल्यावर कुणाचंही तापेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते तितकंसं पटलं नाही. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि पेटीत सोडलं.