सारख्या चकत्या

आता घरोघरी पुरुष स्वयंपाक करतात आणि त्याचे फोटोही काढतात. आमच्या ह्यांनी तो चोरून केला. या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली.

मी टेलिफोनच्या ऑफिसात तात्पुरती ऑपरेटर होते. कायम करण्याचं पत्र हातात पडलं होतं, शनिवारपर्यंत सही करून द्यायचं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"नोकरीला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळी सातला घरात ताजं, गरम जेवण पाहिजे. आठवडाभर बघते, मग बोलू."

त्यांचं बोलणं म्हणजे शेवटचा शब्द. आईपुढे ब्र काढायची ह्यांची टाप नव्हती.

मी सहाला सुटायची, घरी यायला साडेसहा. अर्ध्या तासात भात, भाजी आणि तोंडी लावायला काहीतरी, हे एकटीने मला कधीच जमलं नव्हतं. हे घड्याळजी. पाचला दुकान बंद करून घरी यायचे, तांदूळ धुवायचे, भाजी चिरून ठेवायचे. मी आले की स्टोव्ह पेटवून पुढचं उरकायची. हे सासूबाईंना कळलं असतं तर माझ्या पत्राची होडीच झाली असती. नशिबाने त्या रोज पाचला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे गप्पा मारायला जात, त्या साडेसहाला वर येत. तोवर सुरी धुऊन जागेवर आणि हे पेपरामागे.

सोमवार, मंगळवार, बुधवार निभावले. गुरुवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, गाजर छान चिरलंयस हो."

"घाईघाईत आपलं, आई."

त्यांनी ताटाच्या कडेला पाच चकत्या ओळीने मांडल्या. "घाईत? पाचही सारख्या. परवा फरसबीही अशीच, मापात कापल्यासारखी. आणि काल माझ्यासमोर तू सफरचंद चिरलंस, ते उंदराने कुरतडल्यासारखं."

हे भाताकडे असे बघत होते, जणू भात आयुष्यात पहिल्यांदाच पाहतायत.

"काय रे बाळ, डोळ्याला ते भिंग लावून चिरतोस, की नुसतंच?"

"नुसतंच," हे म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

लपवायला आता काही उरलं नव्हतं. "आई, मला एकटीला नाही जमत," मी म्हटलं. "ह्यांनी चिरून ठेवलं नाही तर सातला जेवण होत नाही. पण नोकरी मला हवी आहे."

त्यांनी पाचही चकत्या एकेक करून खाल्ल्या.

"मला सोमवारीच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग रोज खाली कशाला जात होतात?"

"वर थांबले असते तर हा चिरायचा थांबला असता, आणि सातला मी उपाशी. त्या शिंपिणीच्या मशीनच्या खडखडाटाने डोकं उठलंय माझं." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "याचे वडील बाहेरच्या खोलीतून विचारायचे, झालं का गं? चाळीस वर्षं. थोडं चिरून द्या, असं म्हटलं असतं तर दिलं असतं की नसतं, कोण जाणे. मी कधी म्हटलंच नाही."

ह्यांनी उगाचच आईला भात वाढला.

"सही करून टाक," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि उद्यापासून हे चोरून नको. नुसतं चिरण्याला काय स्वयंपाक म्हणतात? पुढचं मी शिकवते त्याला."

शुक्रवारी मी घरी आले तर सासूबाई स्टोव्हशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या, आणि हे घामाघूम.

"झाकण सारखं उघडू नकोस," त्या सांगत होत्या. "घड्याळ नाही ते, आत काय चाललंय बघायला." मग मला पाहून म्हणाल्या, "तू इतक्या लवकर कशी आलीस? जा, पाय पसरून बस जरा. मध्ये लुडबुडू नकोस."

शनिवारी मी सही केली. सोमवारपासून बसमधून दोन स्टॉप आधी उतरून चालत यायला लागले. ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.