भागोजीच्या छातीतली गाठ

भागोजीच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला रक्ताचा बारीक डाग होता. त्याची थोरली बहीण ठकूबाई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"सदरा काढ."

"काय नाय गो आक्का. लाकडाचा भारा घासला असंल."

"काढ म्हनते ना!"

छातीचं बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्याखाली सुपारीएवढी कडक गाठ होती. ठकूबाईने ती चाचपली.

"दुखतंय?"

"नाय. दुखलं असतं तर बोललो नसतो काय?"

"माजी बी दुखत नव्हती," ती म्हणाली. काही वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला होता. तिने लगेच मुंबईला भागोजीच्या मुलीला, अनुपमाला, फोन लावला.

अनुपमा रजा टाकून गावी, उमरठला आली आणि बापाला महाडच्या दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने तिच्याकडे बघूनच विचारलं, "पेशंट तुम्हीच ना?" भागोजीने मान खाली घातली. गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"स्तनाचा कॅन्सर आहे. दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरलाय, हाच प्रकार जास्त आढळतो."

"पन मी बापया हाय," भागोजी म्हणाला. "ह्यो बायांचा आजार ना?"

"पुरुषाच्या छातीतही थोड्या नळ्या असतात, काका. क्वचित होतो, बहुतेक उतारवयात. घरात आधी कुणाला होता?"

"माझ्या आक्काला."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

मग मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, पुढे रेडिएशनचे शेक दिले. बाकावर बायकांच्या रांगेत भागोजी एकटाच पुरुष असायचा. सुरुवातीला तो तोंडावर टॉवेल धरून बसे. नंतर तेवढंही करायचा त्याला कंटाळा आला. जेवणाची चव गेली होती. डावा हात वर जात नव्हता. अनुपमाही बाकावर बसल्या बसल्या झोपून जायची.

त्याचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा निघाला, म्हणून गोळी सुरू झाली. घरी आल्यावर एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होई आणि तो ओटीवर उघडा येऊन बसे.

"मला बी असंच व्हायचं त्या गोळीनं," ठकूबाई त्याला वारा घालत म्हणाली. त्या आजारपणात दोघं पहिल्यांदाच हसली.

पुरुषाला झालाय, बहिणीलाही होता, म्हणून डॉक्टरांनी रक्ताची जनुक-तपासणी सांगितली. भागोजीत दोष सापडला. मग अनुपमाची तपासणी झाली. तिच्यातही तोच निघाला. ती गावी आली आणि चहा घेता घेता सांगून मोकळी झाली.

भागोजीने कप खाली ठेवला. "म्हंजी माझ्याकडून गेला तुला?"

"आजार नाही गेला, बाबा. धोका आलाय. तो आजोबांकडून आला का आजीकडून, कुणाला ठाऊक. आता दर वर्षी तपासायचं. पुढं डॉक्टर काय म्हणतील ते बघू."

"दर वरसाला?"

"हो."

तिचा आवाज थकलेला होता.  भागोजी उठला, आत जाऊन त्याने अंथरूण काढलं आणि एका हातानेच तो ते कसंबसं पसरू लागला.

"वाइच पड," तो म्हणाला. "मी भात टाकतो."

अनुपमा नको म्हणाली नाही. ती आडवी झाली, आणि चुलीत लाकूड सारल्याचा आवाज येईपर्यंत तिचा डोळा लागलाही होता.