उगवलेला किल्ला

सरांनी चिठ्ठ्या टाकून इतिहासाच्या प्रकल्पाचे विषय वाटले आणि माझ्या वाट्याला आले नॉर्मन लोकांचे मातीचे किल्ले. साडेनऊशे वर्षांपूर्वी इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर मातीची टेकाडं रचून वर लाकडी बुरूज ठोकणारी ही माणसं हिंगोलीत मला कुठून भेटणार? त्यात प्रतिकृती हवीच. मागच्या वर्षी माझी प्रतिकृती सरांसमोरच खचली आणि मी नापास झाले. यंदाही खचली तर आणखी एक वर्ष पाण्यात.

म्हणून मी पुसेगावच्या खाजाचाचांना गाठलं. आमच्या तांड्यातल्या निम्म्या मातीच्या भिंती त्यांच्याच हातच्या.

चित्र बघून चाचा म्हणाले, "शहाणे व्हते हे लोक, शिला. माती नुसती ओतली की घसरते. एक थर टाकून ठोकला असंन, मंग दुसरा."

चाचांनी गव्हाचा भुसा घालून माती भिजवली, ठोकून ठोकून टेकाड उभं केलं. भोवती खंदक, शेजारी कुंपणाचं अंगण, माथ्यावर काड्यांचा बुरूज. तडे जाऊ नयेत म्हणून आठवडाभर ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलं.

परीक्षेच्या सकाळी पोतं काढलं, तर भुशातले दाणे उगवले होते. अख्खा किल्ला हिरवागार! उपटायला गेलं की मातीच निघून येत होती.

"भुसा चाळायचा राहिला माह्यानं," चाचांचं तोंड एवढंसं झालं. किल्ला मांडीवर धरून ते ऑटोतून माझ्यासोबत कॉलेजात आले.

सरांनी माझ्या फाइलमधले फोटो पाहिले. त्या किल्ल्यांची टेकाडं आज गवतानं झाकली आहेत. "वा! आजचं रूप दाखवायला मुद्दाम पेरलंस?"

"हो सर," मी बेधडक ठोकून दिलं.

"न्हाई सायेब," मागून चाचा बोलले. "चूक माही हाय. लेकराचे गुण कापू नका."

असा राग आला मला चाचांचा! सरांनी दोन्ही अंगठ्यांनी टेकाड दाबून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही.

"तिकडंही कुणी मुद्दाम पेरलं नसेल, चाचा," सर हसले. "माणसं निघून गेली आणि गवत आलं." मग स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे सरकवली. "बसा. हे ठोकलंत कसं, ते या पोरांना सांगा."

मी पास झाले. पण पुढचा अर्धा तास वर्गानं सगळे प्रश्न चाचांनाच विचारले, मला एकही नाही, आणि त्याचा जेवढा आनंद झाला तेवढा मला त्या गुणांचाही झाला नाही.