काउंटरवरची घाण

वसईची इनेज आखातातल्या खलिफा सिटीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होती. तिच्या काउंटरवर जो तो काहीतरी टाकून जायचा. चहाचे कप, अर्धवट सँडविच, पीटीच्या धनंजय सरांचे घामट मोजेसुद्धा. वर प्रत्येकजण गप्पा मारत तिचा वेळ खायचा आणि परत आलेली पुस्तकं त्या पसाऱ्याखाली तशीच पडून राहायची.

एके दिवशी पहिलीतल्या केलीने त्यातलं एक पुस्तक ओढलं आणि नाक मुरडलं. "मिस, इट स्टिंक्स!"

पानांत बुरशी आलेलं चीज चिकटलं होतं. त्यातून झुरळ निघालं आणि मुलीच्या मनगटावर चढलं. इनेजने ते झटकलं. तिला झुरळाची किळस आलीच. भिडेपोटी इतके दिवस गप्प बसलेल्या स्वतःचीही आली.

तिने मोजे, कप, सगळं पिशवीत भरलं आणि स्टाफरूमच्या टेबलावर नेऊन ओतलं. दुसऱ्या दिवसापासून पहिला तास फक्त पुस्तकं लावायचा, तोही दार बंद करून.

धनंजय सरांनी दाराची काच वाजवली. "यल्ला, चला लवकर, इनेज मॅडम, उघडा की!"

"आत्ता नाही, सर," ती आतूनच म्हणाली आणि फिनेलचं फडकं पिळून पुढचा कप्पा पुसू लागली. वास अजून गेला नव्हता.